पुरवणीकाका

"ताप किती आहे ते मागाहून सांगा, वहिनी. प्रकरण कितवं चाललंय?"

ओटीवर हे वाक्य बोललं गेलं तेव्हा मी आत बाबांच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते. मध्ये फक्त एक पडदा होता. बाबांनी डोळे न उघडताच मला बोटांनी अकरा दाखवले, मग हसायला गेले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. बाहेर आई म्हणाली, "अकरावं, भाऊजी. पण दोन-चार दिवस टाक हातात धरलेला नाही." त्यावर जो उसासा ऐकू आला तो दुःखाचाच होता, हे मी शपथेवर सांगेन. पण स्वयंपाकघरात पाट मांडल्याचा आवाज ऐकून पाहुणा जसा सावरून बसतो, तसलंही त्यात काहीतरी होतं.

दुसऱ्यानं अर्धवट टाकलेल्या गोष्टीवर या माणसाइतकं प्रेम करणारा माणूस नगर जिल्ह्यात जन्मला नाही आणि यापुढे जन्मायचाही नाही. ते माझ्या वडिलांचे शाळासोबती. मी त्यांना काका म्हणत असे, गाव त्यांना पुरवणीकाका म्हणे आणि बाबा तोंडावर नुसतंच 'पुरवणी' म्हणत. परीक्षेत मूळ उत्तरपत्रिका संपली की जो जादा कागद दोऱ्यानं बांधतात, तो म्हणजे काका. हे नाव ठेवलं कोणी कोणास ठाऊक, पण त्यांना ते आवडत असे. उंच, काटकुळे, बारा महिने काळा कोट, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांना छापखान्याची शाई. ती शाई रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळातसुद्धा निघालेली नसे. पोटापाण्यासाठी ते एका छापखान्यात प्रूफं तपासत, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका नीट करत, आणि संध्याकाळी हौस म्हणून दुसऱ्यांची पुस्तकं पुरी करत.

नगरमध्ये लिहिणारी माणसं तेव्हा पुष्कळ होती. कोणी देवळाचे पाळक आख्यानं रचत होते, कोणी मास्तर कादंबरी लिहीत होते, कोणी पेन्शनर आत्मचरित्रात आपल्या मुंजीपर्यंत किंवा बाप्तिस्म्यापर्यंत येऊन पोचले होते. यांतला कोणी आजारी पडला की काका हातात चार मोसंबी घेऊन समाचाराला जात. पुढेपुढे असं झालं की डॉक्टर दारात आले तर घरचे घाबरत नसत, मोसंबी दारात आली की घाबरत. सावेडीकडच्या एका म्हाताऱ्या पाळकांना न्यूमोनिया झाला तेव्हा त्यांचं उधळ्या पुत्रावरचं आख्यान पूर्वरंगातच अडकलं होतं. काकांनी आठवडाभरात उत्तररंग लिहून टाकला. पुत्र परत आला, वासरू कापलं, थोरल्या भावाचा रुसवासुद्धा काढला. आणि पाळक बरे झाले. काका मनापासून आनंदले, त्यांनी देवाचे आभार मानले, आणि मग आमच्याकडे येऊन बाबांना म्हणाले, "बरे झाले ते चांगलंच झालं. पण माझ्या थोरल्या भावाचं आता काय करायचं?" पाळकांनी स्वतःचा शेवट लिहून देवळात कीर्तन केलं त्या रात्री काका पुढच्या सतरंजीवर बसून प्रत्येक पदाच्या आधी अर्धा क्षण आपलं पद पुटपुटत होते. टाळ धरणारा मुलगा त्यामुळे दोनदा चुकला.

एक गुरांचे डॉक्टर होते, ते जनावरांच्या रोगांवर शेतकऱ्यांसाठी पुस्तक लिहिता लिहिता लाळ-खुरकतीपर्यंत येऊन वारले. काकांना बैलाचं शेपूट कुठल्या बाजूला असतं एवढीच माहिती होती. तरी त्यांनी ते पुस्तक पुरं केलं. शेवटच्या प्रकरणात बैल रात्रभर तळमळतो, मालक त्याच्या मानेवर डोकं ठेवून रडतो, पहाटे दूर देवळाची घंटा होते आणि बैल उठून कडब्याला तोंड लावतो. औषध कुठलं दिलं याचा उल्लेख नाही. शेवगावकडचा एक शेतकरी ते पुस्तक घेऊन छापखान्यात आला होता म्हणे. "वाचून डोळ्याला पानी आलं, सायेब," तो काकांना म्हणाला, "पन माजा बैल न्हाई उठला." काकांनी यातलं पहिलं वाक्य आम्हाला अनेकदा सांगितलं. दुसरं आम्हाला छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडून कळलं.

घंटा मात्र त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक लिखाणाच्या शेवटी वाजे. एका शाहिराचा किल्ल्याच्या वेढ्यावरचा पोवाडा त्यांनी पुरा केला, त्यातसुद्धा वाजली. "कोणत्या देवळाची?" असं बाबांनी विचारलं तर म्हणाले, "जे वाचणाऱ्याच्या मनात असेल त्या." स्वतःचं असं त्यांनी काही लिहिलं नाही. "सुरुवात कोणीही करतो," ते म्हणत, "चहा पिता पिता सुरुवात होते. शेवट करायला माणूस लागतो." मला वाटतं त्यांना सुरुवात करता येतच नव्हती. मी पुण्याला मिशनच्या मडमांच्या शाळेत होते तेव्हा आई-बाबांच्या पत्राबरोबर कधीकधी त्यांची चिठ्ठी येई, आणि तिचा पहिला शब्द 'तसेच' असे. 'तसेच, थंडी फार असेल तर पायमोजे घालून झोपावे.'

बोलण्यातही तेच. मला मराठीत शब्द सुचायला वेळ लागतो. शाळा सगळी इंग्रजी, आणि मुळात स्वभाव असा की मनात वाक्य पुरतं तयार झाल्याशिवाय तोंड उघडायचं धैर्य होत नाही; तयार होईपर्यंत विषय बदललेला असतो. अशा मुलीच्या शेजारी पुरवणीकाकांना बसवणं म्हणजे काय होतं याची कल्पना करावी. मी "काका, मला..." असं म्हटलं की ते "...बरं वाटत नाही. दिसतंच आहे. वहिनी, हिला आल्याचा काढा द्या," असं म्हणून मोकळे होत. मला सांगायचं असे की मला वर्गात बक्षीस मिळालं. काढा पिण्यात त्रास कमी म्हणून मी तो पिऊन टाकत असे. अशा रीतीनं लहानपणी मी पुष्कळ काढा प्यायले.

बाबांनी यावर एक उपाय काढला होता. मी सुट्टीला घरी आले की दर शनिवारी मला मराठीत एक पान लिहायला लावत. विषय ते तोंडी सांगत, पण पानावर घालू देत नसत. "वर नाव लिहायचं नाही," ते म्हणत, "वाचणाऱ्याला आपोआप कळलं पाहिजे." मग तांबड्या पेन्सिलीनं तपासत. मजकुराबद्दल कधी बोलत नसत. फक्त चुकलेला शब्द खोडून वर नीट लिहीत, आणि पान ठेवून देत. ते पान ठेवून देणं हेच माझं बक्षीस होतं. घरात जे मी बोलू शकत नव्हते ते शनिवारी लिहीत होते, आणि त्या घरात एक माणूस ते वाचत होता.

मग महायुद्ध पेटलं आणि कागद मिळेनासा झाला. बाबांची कादंबरी एका लहानशा मासिकात महिन्याला एक प्रकरण अशी येत होती. मासिक काकांच्याच छापखान्यात निघे. कोरा कागद मिळाला तर तो बाबा शिकवत त्या शाळेला लागे, म्हणून ते वापरलेल्या कागदाच्या पाठीवर लिहीत: जाहिरातींच्या, जुन्या नोटिशींच्या, आणि शेवटी शेवटी माझ्या शनिवारच्या पानांच्या. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट माझ्या पानाला पाठ टेकून करुणा उभी आहे, याची मला मनातून ऐट होती.

करुणा म्हणजे कादंबरीची नायिका, पाथर्डीकडच्या एका दुष्काळी खेड्यातल्या मास्तरांची मुलगी. अकराव्या प्रकरणात ती घर सोडून निघते. पत्र्याची ट्रंक सर्व्हिस मोटारीच्या टपावर चढली आहे, करुणा आत बसली आहे, ड्रायव्हर पुढे उभा राहून हँडल मारतो आहे. ते प्रकरण बाबांनी मला अंथरुणातून सांगितलं आणि मी उतरून घेतलं. शेवटचं वाक्य होतं, 'मोटार अजून सुरू झाली नव्हती.' मी विचारलं, "पुढे?" बाबांनी माझ्याकडून उशी सरळ करून घेतली. मग म्हणाले, "बसू दे तिला थोडा वेळ. कुठं जायचं ते तिचं तिला ठरवू दे. आपण कशाला घाई करायची?" त्यानंतर ते कादंबरीबद्दल बोलले नाहीत. माझ्याबद्दल मात्र बोलले. आईला म्हणाले, "हिला जूनमध्ये कॉलेजात पाठव. तिच्या शाळेच्या मडमला मी लिहिलं आहे, बोर्डिंगात जागा ठेवणार आहे ती." आईनं मान हलवली. आजारी माणसाच्या सगळ्याच बोलण्याला आपण मान हलवतो.

काकांबद्दल मला इथे खरं लिहिलं पाहिजे. त्या आजारपणात ते रोज आले. प्रकरण विचारत येत, पण आले की बाबांना उचलून बसवत, दाढी करत, पाठीला तेल लावत, आणि आईला जबरदस्तीनं आत झोपायला पाठवत. बाबांचे मॅट्रिकचे विद्यार्थी त्यांनी आपल्या घरी बोलावून त्यांचा राहिलेला धडा पुरा केला. बाबा गेले त्या सकाळी त्यांनीच पेटी ठरवली, पाळकांना आणलं, मातीला आलेल्या माणसांना पाणी दिलं. प्रार्थनेत पाळकांना भरून आलं आणि ते 'आमच्या या बंधूनं...' इथं अडले, तेव्हा मागून काकांचा शांत आवाज आला, "...सुयुद्ध केले आहे." माझ्या बाबांच्या मातीलासुद्धा त्यांनी अपुरं वाक्य सहन केलं नाही. मी तेव्हा रडत होते आणि तरीही मला हसू आलं, आणि त्याबद्दल मी त्यांना माफ केलं नाही.

आई त्या थंडीत बाबांसाठी स्वेटर विणत होती. पाठ, पोट आणि एक बाही झाली होती. तिनं तो सुयांसकट टोपलीत ठेवून वर फडकं टाकलं होतं. महिन्याभरानं टोपली दिसेना. पुढच्या रविवारी काका देवळातून थेट आमच्याकडे आले आणि कागदात गुंडाळलेला पुरा स्वेटर त्यांनी आईच्या हातात दिला. विणायला ते छापखान्यातल्या एका म्हातारीकडून जेवणाच्या सुट्टीत शिकले होते. दुसरी बाही वेगळ्याच लोकरीची होती आणि गुडघ्याला टेकेल इतकी लांब. "कुठं थांबायचं ते कळेना," ते ओशाळून म्हणाले. आई "छान झालाय, भाऊजी," म्हणाली, आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ते चहाची वाट बघत बसून होते. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं की तो स्वेटर तसाच राहावा अशी कोणाची इच्छा असू शकते.

तेव्हाच मी बाबांचा गठ्ठा ट्रंकेत घालून कुलूप लावायला हवं होतं. पण आईनं तो त्यांना आधीच देऊन टाकला होता. "त्यांच्याशिवाय कोण करणार?" ती म्हणाली. मी म्हणाले, "बाबांना तसं..." आणि पुढचा शब्द सुचेपर्यंत दूध उतू गेलं.

पावसाआधी काका छापलेले फर्मे, म्हणजे अजून न शिवलेली पानं, घेऊन आले. मासिकाला पुढची प्रकरणं आणि वर सगळ्याचं मिळून पुस्तक, असा बेत होता. मी खिडकीशी बसून वाचू लागले. अकरावं प्रकरण जसंच्या तसं होतं. 'मोटार अजून सुरू झाली नव्हती.' त्याच्याखाली नवा परिच्छेद, करुणेच्या मनातले विचार म्हणून:

'मला एक खोली हवी आहे. तिच्यात एकच खुर्ची असली तरी चालेल, कारण दोन असल्या की कोणीतरी येतं आणि मला बोलावं लागतं. मला मुलींना शिकवायचं आहे. रविवारी मी आईबाबांना भेटायला येईन आणि संध्याकाळी परत जाईन. परत जाणं मला आवडेल, कारण तिथला दिवा मी लावीन तेव्हाच लागेल. मला कोणी बघायला येऊ नये. मी दिसते तेवढी गरीब नाही, पण ते सांगायला मला फार वेळ लागतो.'

हे माझं शनिवारचं पान होतं. दोन वर्षांपूर्वीचं, मोठेपणी काय करावंसं वाटतं या विषयावरचं. अकराव्या प्रकरणाचं शेवटचं पान मी त्याच्या पाठीवर उतरून घेतलं होतं. काकांनी पान उलटलं, तर तेच अक्षर पुढे चालू. वर विषयाचं नाव नाही. आणि ओळीओळीत लेखकाच्या हातच्या तांबड्या दुरुस्त्या. सारा जन्म प्रूफं तपासण्यात घालवलेल्या माणसाला याहून भक्कम पुरावा कोणता हवा? बाबांची एकेक दुरुस्ती त्यांनी इमानानं उतरवली होती. आणि मग पुढे त्यांनी ते पुरं केलं होतं. मोटार सुरू होतच नाही. धुळीच्या रस्त्यानं नायक सायकलवर धापा टाकत येतो, खिडकीशी उभा राहून करुणेच्या मनातलं तिच्या तोंडून ऐकून घेतो आणि म्हणतो, 'करुणे, एका खुर्चीच्या खोलीत देव तरी कुठे बसेल?' करुणेला आपल्या वेडेपणाचं हसू येतं. ती लाजते. खाली उतरते. ट्रंक टपावरून उतरते. दूर घंटा होऊ लागते.

मी मान वर केली. काका माझ्याकडेच बघत होते.

"काका, हे पान..."

"...डोळ्यांत पाणी आणतं. मला ठाऊक आहे, बाळ. जुळाऱ्यानंसुद्धा जुळवताना डोळे पुसले. त्या माणसानं मरता मरता लिहिलेलं आहे ते. माझी नुसती पुरवणी."

त्यांचे डोळे खरंच भरले होते. मी फर्मे परत घडीवर घडी घालून त्यांच्या हातात दिले.

पुस्तक निघालं आणि आमच्या मंडळीत घरोघर गेलं. एका खुर्चीचं वाक्य पाळकांनी उपदेशात घेतलं. करुणा म्हणजे मीच हे सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं, आणि ते काही अगदी खोटंही नव्हतं. देवळातून बाहेर पडताना बायका मला अडवून म्हणत, "काय गं, दुसरी खुर्ची आणलीस की नाही?" एकीनं विचारलं, "सायकल कधी येणार?" मी हसत असे. न हसले तर बोलावं लागलं असतं. घरी येऊन मी सगळं पान मनातल्या मनात म्हणून बघत असे, आणि दर वेळी ते माझं थोडं कमी वाटे. आपण लिहिलेलं आपल्यालाच वेडेपणा वाटू लागावा, यापरता पुरवणीचा मोठा विजय कोणता?

आणि सायकल आली. म्हणजे काकांचा भाचा आला, शेवगावहून मोटारीनं, आपल्या आईबरोबर. बेलापूरकडच्या साखर कारखान्यात कारकून होता. त्या आधीच्या संध्याकाळी काका आईपाशी येऊन बसले होते. मला समोर बोलावून ते अगदी हळुवारपणे बोलले. "तुझ्या बाबांची दोन कामं राहिली होती, बाळ. एक छापून झालं." आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मडमचं पत्र आलेलं तिला ठाऊक होतं: जागा महिनाअखेरपर्यंत ठेवते, मग दुसऱ्या मुलीला देईन. "भाऊजी जे ठरवतील ते," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "घरात पुरुष माणूस नाही, आणि त्यांनी आपलं कधी वाईट केलंय का?" केलं नव्हतं. हीच तर अडचण होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली. काकांच्या बहिणीला सगळे आक्का म्हणत. शेतात राबलेली, धिप्पाड, नाकात जाड नथ, गळ्यात क्रूस. "सलाम, बाई, सलाम," म्हणत ती आली आणि भिंतीला टेकून पाय लांब सोडून बसली. भाचा तिच्या पलीकडे. शहाणा, नीटनेटका तरुण, शंकरपाळ्यांच्या बशीकडे बघणारा. त्याला इथं आणलं गेलं होतं तसंच मलाही आणलं गेलं होतं. आमच्या दोघांत सारखं असं तेवढंच होतं.

"शिकली किती?" आक्कानं विचारलं.

"मॅट्रिक, इंग्रजी," काका म्हणाले.

"सैपाक?"

"वहिनींच्या हाताखाली तयार झालीय."

"देवळात गाती का?"

"आल्टो," काका म्हणाले.

"त्ये काय आसतं?"

"मुख्य आवाजाच्या खालचा. तोल सांभाळणारा."

"म्हंजी ऐकू येत न्हाई," आक्का म्हणाली आणि भाचा प्रथमच हसला. मग तिनं मला नीट न्याहाळलं. "पोरगी गुनाची दिसती. पन दादा, मगापासून समदं तूच बोलतूयास. तिला जीब हाय का न्हाई?"

"आहे, आहे. सावकाश बोलते. तिचं म्हणणं काय ते तिच्या बापानं लिहूनच ठेवलंय की." काका उठून खिडकीशी उभे राहिले आणि त्यांनी ते पान तोंडपाठ म्हटलं. खोली, खुर्ची, दिवा, सगळं. एक अक्षर चुकले नाहीत. माझे शब्द आयुष्यात प्रथमच त्या घरात मोठ्यानं बोलले जात होते, आणि फार सुंदर बोलले जात होते. मग सायकल आली, देव कुठे बसेल ते आलं, घंटा आली. आईनं डोळे पुसले. आक्का मात्र कोरडीच होती.

"मंग ती खाली का उतरली?" तिनं विचारलं.

"कोण?"

"ती पोरगी. मोटारीतली. इतकं समदं ठरवून बसलेली. त्यो सायकलवाला आला आन एक बोलला, की हिनं ट्रंक उतरवली व्हय?"

"अगं आक्का, शेवट आहे तो."

"शेवट आसंल. पन तिनं का उतरावं? त्ये सांग."

काकांनी कोटाची गुंडी काढली आणि पुन्हा लावली. हे मी आज लिहिते आहे तेव्हा ते या जगात नाहीत. गेल्या पावसाळ्यात हिवतापानं गेले. समाचाराला मीच मोसंबी घेऊन गेले होते, आणि ती बघून ते इतके हसले की मला बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. त्यांच्या टेबलावर अपुरा असा एक कागदसुद्धा नव्हता, पुरं करण्याजोगं त्यांनी मागं काही ठेवलं नाही. त्यांचा मला आलेला राग अजून सगळा गेलेला नाही. कधीकधी बाबांचं पुस्तक काढून अकराव्या प्रकरणाशी थांबायचा प्रयत्न करते, आणि डोळे आपोआप पुढे जातात. ते चांगलं लिहीत, हेही मान्य केलं पाहिजे. पण त्या दुपारी खिडकीशी उभे असलेले काका मला जसे दिसले तसे पुन्हा कधी दिसले नाहीत. छडी न मारता नुसता प्रश्न विचारलेल्या मुलासारखे ते बहिणीकडे बघत होते, आणि त्यांना उत्तर येत नव्हतं. मला त्यांची दया आली. दया आली म्हणूनच बहुधा धीर आला.

"तू सांग गं," आक्का माझ्याकडे वळून म्हणाली. "तू का उतरली आसतीस?"

काकांनी तोंड उघडलं. आक्कानं त्यांच्याकडे न बघताच हात वर केला. "तू गप रं जरा, दादा."

आईच्या हातातली किटली कलती राहिली होती. मला वेळ लागला, नेहमी लागतो तेवढा, आणि त्या सगळ्या वेळात कोणी मध्ये आलं नाही. माझा आवाज बारीक निघाला, पण निघाला.

"काका, मोटारीतलं ते पान करुणेचं नाही. ते माझं आहे, शनिवारचं. बाबांनी ते तपासून ठेवून दिलं होतं. आणि मला अजूनही तसंच वाटतं."